गुढीवरची निंबोळी

मित्रांनो, मी एक जुनी उजेडाची पेटी आहे. दवाखान्यात डॉक्टर काळी फिल्म ज्या पांढऱ्या दिव्यावर लावून बघतात ना, तीच मी. पत्र्याचं अंग, दुधी ॲक्रिलिकचा चेहरा, पोटात दोन ट्यूबलाइट आणि कपाळावर फिल्म अडकवायची पट्टी. डॉक्टर मला व्ह्यू-बॉक्स म्हणत. पेशंट मात्र "त्या दिव्यावर फोटो लावा ना" एवढंच म्हणत. मला दोन्ही चालायचं. हल्ली मी भिंतीवर नसते. डोंबिवलीतल्या एका खिडकीपाशी टेबलावर पाठ टेकून असते आणि माझ्या तोंडावर रेशमाचे धागे सांडलेले असतात. हे कसं घडलं तेच आज सांगायचं आहे. आत्मवृत्त माझं असलं तरी यातली नायिका मी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये झाला. धोंडीबा नावाच्या कारागिराने पत्रा वाकवून मला घडवलं. माणूस हाताने हलका आणि तोंडाने कडक. मला पहिल्यांदा पेटवलं तेव्हा ते चार पावलं मागे सरले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि शेजारच्याला म्हणाले, "उजेड कसा, सगळीकडे सारखा पडला पाहिजे. नायतर धडधाकट हाडात डॉक्टरला फट दिसायची." मग त्यांनी एक ट्यूब केसभर सरकवली. माझ्यावर झालेला संस्कार म्हणाल तर तो हाच. आपण मध्ये यायचं नाही, आहे ते दाखवायचं.

सुरुवातीची वर्षं कल्याणला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. मजेचे दिवस होते ते. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी तर मला विझायला फुरसत नसायची. कुणाचं मनगट, कुणाचं कॉलरचं हाड, आणि वर "डॉक्टर, पुढच्या वर्षी चढू ना?" हा प्रश्न ठरलेला. हाडांचं एक बरं असतं. मोडलं की मोडलेलं दिसतं आणि जिथे मोडतं तिथेच दुखतं. दिसणं आणि दुखणं यांचं भांडण मला तिथे कधी दिसलं नाही. मला वाटायचं, सगळं शरीर असंच सरळमार्गी असणार.

ते डॉक्टर निवृत्त झाले आणि मी ठाण्याला, नौपाड्यात, डॉ. विनिता टिपणीस यांच्या दवाखान्यात आले. त्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर. इथे हाडं बाद झाली आणि एमआरआयच्या मोठ्या मोठ्या फिल्म माझ्यावर लागू लागल्या. एकेका फिल्मवर मेंदूच्या कितीतरी चकत्या, ओळीने मांडलेल्या. आणि इथेच मला एका आजाराची ओळख झाली. नाव लांबलचक आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस. सगळे एमएस म्हणतात.

सोपं करून सांगते. आपल्या नसा म्हणजे तारा. तारेवर जसं प्लास्टिकचं वेष्टण असतं, तसं नसांवरही एक आवरण असतं. शरीरात रोगजंतूंशी लढणारे शिपाई असतात, त्यांनी बाहेरच्या चोराला धरायचं. या आजारात त्यांची मती फिरते आणि ते घरच्याच तारांचं आवरण कुरतडतात. जिथे कुरतडलं तिथे फिल्मवर पांढरा डाग दिसतो. तारेतून निरोप नीट जात नाही. मग कुणाचा डोळा धुरकट होतो, कुणाचा पाय जड पडतो, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात.

आता माझ्यासारख्या हाडांच्या शाळेत शिकलेल्या पेटीला काय वाटणार? जास्त डाग म्हणजे जास्त आजारी, कमी डाग म्हणजे कमी. हिशेब सरळ. पण बाईंच्या दवाखान्यात हा हिशेब रोज चुकायचा. एखाद्याची फिल्म डागांनी भरलेली असायची आणि तो माणूस जिना चढून, दमही न लागता, आत येऊन गप्पा मारायचा. दुसऱ्याच्या फिल्मवर शोधावा तेव्हा एखादा ठिपका सापडायचा आणि तो मात्र भिंतीला धरून यायचा. मी चक्रावून जायचे. भिंतीवर टांगलेल्याला प्रश्न विचारता येत नाही, हे माझं जुनं दुःख.

दरम्यान मलाही डाग पडू लागले होते. चिकटपट्टीचा गोंद, औषधाचे शिंतोडे. स्वागतिका पायल हिने एकदा माझ्याजवळ उभं राहून नेलपॉलिश वाळवलं, त्याचा एक गुलाबी थेंब. आणि खालच्या कोपऱ्यात, आतल्या उष्णतेने भाजून पडलेला एक तपकिरी डाग, निंबोळीएवढा. फिल्म त्यातूनही स्पष्ट दिसायची. पण टेबलावर नवा चकचकीत संगणक आला, फिल्मऐवजी सीडी येऊ लागल्या आणि माझा दिवा दिवसेंदिवस बंद राहू लागला. माझ्या डोक्यावर कुणीतरी छत्री अडकवून ठेवायचं. एकेकाळी जिच्यासमोर माणसं श्वास रोखून उभी राहत, तिची खुंटी झाली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

याच काळात योगिनी यायला लागली.

योगिनी डोंबिवलीची. आरीकाम करणारी. आरी म्हणजे टोकाला बारीकसा आकडा असलेली सुई. कापड फ्रेमवर ताणायचं, एका हाताने वरून सुई खुपसायची आणि दुसऱ्या हाताने कापडाखालून धागा पुरवायचा. खालचा हात डोळ्यांना दिसत नाही, त्याने सगळं स्पर्शानेच ओळखायचं. लग्नाच्या ब्लाउजवर मोर, कुयऱ्या, कमळं उमटवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदा ती आली तेव्हा तिचा एक डोळा धुरकट झाला होता. तेलकट काचेतून बघतोय असं वाटतं, म्हणाली. उपचारांनी डोळा सुधारला. पुढे डाव्या हाताला मुंग्या सुरू झाल्या. दर वर्षी ती नवी फिल्म आणि सीडी घेऊन यायची, सोबत आईवडील; बाई सीडीच संगणकावर बघायच्या.

वडील आनंद सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. डोंबिवलीत दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात मुलांच्या टक्क्यांचे फलक झळकतात. त्या गावात उभा जन्म शिकवण्यात गेलेला हा माणूस. कुठलीही गोष्ट आकड्यात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आई सुहासिनीबाई बोलायला मोकळ्या आणि काळजीने पोखरलेल्या. त्या प्रतीक्षागृहात शेजारच्या बाईला "तुमच्या मुलाला किती डाग?" असं विचारायच्या, जसं निकालाच्या दिवशी किती टक्के विचारतात तसं.

त्या वर्षी माघ संपत आला होता. तिघं आत आले आणि येतानाच सरांचा चेहरा नापास झालेल्यासारखा होता. फिल्म आदल्या दिवशीच घरी आली होती आणि त्यांनी ती बाल्कनीच्या काचेवर धरून स्वतःच तपासली होती.

दवाखाना लहान. एक पेशंट खुर्चीत बसला की पुढचा दाराजवळच्या स्टुलावर येऊन टेकायचा, अशीच पद्धत. त्या दिवशी स्टुलावर मुकुल होता. कल्याणजवळच्या मोहन्याहून येणारा तरुण, एमएसचाच पेशंट, हातात काठी, ओठांवर कायम हसू.

"सीडी आणायची राहिली," सर म्हणाले, "ही फिल्म आहे."

मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझी आठवण झाली. टिपणीस बाईंनी माझ्यावरची छत्री काढली, फिल्म लावली, बटण दाबलं. आणि मी लागले नाही. पुन्हा दाबलं, नाही. लाजेने मेले मी.

"असू दे. मी मोजलेत," सर म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा बरेच जास्त आहेत. आता तिला विश्रांती, बाकी काही नाही. फ्रेम मी माळ्यावर टाकली. महेंद्रलाही फोन करून जमणार नाही म्हणून सांगितलं."

योगिनी खुर्चीतच ताठ झाली. "काय सांगितलंत?"

"गुढीचं वस्त्र आपल्याकडून होणार नाही म्हटलं. कापड घेऊन गेले ते काल."

तुम्हाला सांगते. डोंबिवलीत पाडव्याला नववर्ष स्वागताची शोभायात्रा निघते. योगिनीच्या गल्लीतलं मंडळ त्या यात्रेत एक उंच गुढी घेऊन चालतं आणि तिच्या रेशमी वस्त्रावर आरीकाम करायचा मान त्या वर्षी योगिनीला मिळाला होता. महेंद्र हे मंडळाचे कार्यकर्ते. त्यांनी कापड घरी आणून दिलं होतं. नवसाने मिळावं असं काम, आणि सरांनी एका फोनमध्ये ते परत पाठवलं होतं.

"बाबा, मला न विचारता?" योगिनीचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझं काम होतं ते."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच ना. हे बघ, या मुकुलला विचार. ह्याच्याहून तुझे डाग किती जास्त आहेत. तो काठी घेतो. उद्या तुझं..." सुहासिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा स्टुलावरून मुकुल म्हणाला, "काका, रागवू नका. मला डाग एकच आहे, बरोबर. पण तो पत्री पुलावर पडलाय."

"पत्री पुलावर?" सरांनी विचारलं.

"म्हणजे असं बघा, आमच्या गल्लीत ढीगभर खड्डे असले ना, तरी कुणाचं काय अडत नाही. इकडून नाही तर तिकडून जातो माणूस. पण पत्री पुलावर एक टेम्पो बंद पडू दे. अख्खं कल्याण जागच्या जागी. माझा डाग पाठीच्या कण्यात आहे. तिथून दुसरा रस्ताच नाय. म्हणून काठी."

टिपणीस बाई हसल्या. "हे मला दहा मिनिटं लागली असती समजवायला." मग त्यांनी माझ्या बगलेचं झाकण उघडलं. आत लहानसं स्टार्टर असतं, बोटाएवढं. ते सैल झालं होतं. त्यांनी ते फिरवून घट्ट केलं आणि मी भप्पकन पेटले. फिल्म उजळली. मग बाईंनी जे केलं ते आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांनी फिल्म काढून ठेवली आणि नुसतं मलाच दाखवलं.

"सर, ही पेटी बघा. तोंडभर डाग आहेत. दिवा लागतो का?"

"लागतो."

"उजेड पुरतो?"

"पुरतो."

"आणि मघाशी विझली होती ती या डागांमुळे नाही. एवढ्याशा जागी सैल झालं होतं, पण ती जागा मोक्याची. मेंदूचंही थोडंफार असंच असतं. डाग किती, यापेक्षा कुठे, हे पुष्कळदा महत्त्वाचं. शिवाय मेंदू ट्यूबलाइटपेक्षा हुशार. एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो. सगळ्यांचाच मेंदू ती सारखी शोधतो असं नाही, कायम शोधू शकेल असंही नाही. पण शोधतो."

"म्हणजे माझी मोजणी चुकली?" सरांनी विचारलं. आवाजात आशा होती आणि थोडा अपमानही.

"मोजणी बरोबर असेल, सर. तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढलंत." बाई आता गंभीर झाल्या. "नवे डाग दिसतायत, म्हणजे आजार जागा आहे. ते मी हलक्यात घेणार नाही. औषध बदलणार आहे. पण योगिनीला काय जमतं आणि काय नाही, हे फिल्म सांगत नाही. ते योगिनीला बघून कळतं. चल गं, उठ."

मग तपासणी सुरू झाली. योगिनी चालून दाखव म्हटल्यावर चालली. भोकांच्या पाटीत लाकडी खुंट्या बसवून दाखवल्या. बाईंनी कंप तपासायचा धातूचा काटा टण् करून वाजवला आणि तो थरथरता काटा तिच्या बोटांवर टेकवला. उजवीकडे कळलं. डावीकडे तिने मान हलवली, नाही. सरांनी डोळे मिटून घेतले.

"डाव्या हातात ताकद आहे, पण स्पर्श फार कमी कळतोय," बाई म्हणाल्या. "आणि तुझ्या कामात डावा हात खाली असतो ना, धागा द्यायला? न बघता? मग तू काम करतेस तरी कशी?"

योगिनीने आईचा पदर मागितला. खुर्चीच्या दोन हातांवर तो ताणून बसवायला लावला आणि बाईंचं पेन उचललं. उचललं ते डाव्या हाताने. पेनाचं टोक कापडावर ठेवलं आणि उजवा हात पदराखाली नेला.

"हात बदलले मी," ती म्हणाली. "डाव्याला कळत नाही ना, तर त्याला वर आणला. वर डोळा बघतो, कळायची गरज नाही पडत. उजव्याला कळतं, तो गेला खाली. आधी टाके ढ मुलीसारखे यायचे. दिवाळीपासून बरे यायला लागलेत. गेले दोन मोर असेच काढले."

टिपणीस बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा करून दाखव म्हणाल्या. मुकुल काठीवर रेलून पुढे वाकला. मी वर्षानुवर्षं मेंदूचे फोटो बघितले होते. मेंदू काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

सगळ्यात जास्त बघण्यासारखा चेहरा सरांचा होता. "दिवाळीपासून?" ते पुटपुटले. "घरात, माझ्यासमोर बसून?"

"तुम्ही फिल्म बघत होतात, बाबा."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच सरांना ते जास्त लागलं. ते उठले, खिशातून फोन काढला आणि तिथेच, दवाखान्यात, महेंद्रला लावला. फोन मोठ्या आवाजात लावायची त्यांची सवय, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"महेंद्र, मी आनंद बोलतोय. ते वस्त्र आम्हीच करणार. म्हणजे योगिनी करणार."

"अहो सर, काल तुम्हीच नाही म्हणालात. मी शिवानीकडे दिलं पण कापड."

"मग मी स्वतः तिच्याकडे जातो. माझी चूक झाली म्हणून सांगतो. मला कुणी न विचारता उत्तर लिहिलं मी."

गणिताच्या सरांच्या तोंडून हे वाक्य. सुहासिनीबाई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. शिवानीने कापडाची घडीही मोडलेली नव्हती, ते तिने तसंच परत दिलं. आरी पहिल्यांदा तिच्या हातात दिली होती ती योगिनीनेच. ही पुढे कळलेली हकिकत.

निघताना बाई मला विझवत म्हणाल्या, "या पेटीला आता निवृत्त करायचंय. भंगारवाला कधीचा मागतोय."

योगिनी दारातून मागे फिरली. "बाई, टाकणारच असाल तर मला द्या ना. खाका उतरवायला."

खाका म्हणजे नक्षीचा कागद. अर्ध्या कुयरीचं चित्र काढायचं, ते उजेडावर धरून दुसरी अर्धी जशीच्या तशी उतरवायची. मग त्या रेघांवर टाचणीने बारीक भोकं पाडायची आणि त्यातून नीळ चोळली की कापडावर नक्षी उमटते. आजवर योगिनी हे बाल्कनीच्या काचेवर करायची. हात वर धरून उभं राहायचं आणि समोरून ऊन. एमएसच्या पुष्कळ पेशंटांना उष्णता सोसत नाही. अंग तापलं की तिची नजर धुरकट व्हायची, हात गळून जायचे. मी आडवी झाले तर तिला पंख्याखाली बसून काम करता येणार होतं.

अशा रीतीने चादरीत गुंडाळून मी डोंबिवलीला आले. सरांनी मला मांडीवर घेतलं होतं. माळ्यावरची फ्रेमही त्यांनीच खाली काढली.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळच्या गारव्यात योगिनी माझ्यावर कागद पसरायची, मानेभोवती ओला नॅपकिन, बाजूला ताक. मी खालून उजेड द्यायचे आणि ती पेन्सिल फिरवायची. आयुष्यभर मी माणसांचं काय बिघडलंय ते दाखवलं होतं, आता माझ्या उजेडात काहीतरी घडत होतं. नक्षी ठरली होती, मधोमध कलश आणि काठाने कडुनिंबाच्या डहाळ्या. सगळे दिवस सारखे नव्हते. एकदा थकव्याने ती अशी गळाठली की पाण्याचा पेला उचलवेना. सर म्हणाले, "मी म्हटलं होतं..." आणि मधेच थांबले. फ्रेमवर पांढरं फडकं टाकलं आणि म्हणाले, "झोप. कापड कुठे पळून जात नाही." तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. औषध बदललं होतं, त्याच्या तपासण्या ठरल्या वेळी चालू होत्या आणि त्यात मात्र सर काटेकोर होते.

आणि मग ती चूक झाली. खाका टोचून झाला, नीळ चोळली, कापडावर डहाळ्या उमटल्या. योगिनी निरखून बघायला लागली तर एका डहाळीखाली, नक्षीत कुठेच नसलेला, एक लहानसा गोल. तिने मूळ चित्र पाहिलं, त्यात नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोपऱ्यातला तो भाजलेला तपकिरी डाग! उजेड लावला की तो कागदातून वर दिसायचा आणि कामाच्या तंद्रीत तिने त्याच्याभोवतीही टाचणी फिरवली होती.

मानाचं वस्त्र आणि त्यावर माझा डाग.

सुहासिनीबाई म्हणाल्या, "अगं पुसून टाक लवकर. ओल्या कापसाने निघेल."

योगिनी त्या गोलावर वाकली. मग तिला हसू फुटलं. "आई, कडुनिंबाच्या डहाळीला निंबोळी नको का?" आणि तिने पिवळ्या रेशमाची रीळ शोधायला डबा उघडला. डाव्या हाताने वरून, उजव्या हाताने खालून, तिने त्या डागाची निंबोळी भरली. इतकी टपोरी की सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

पाडव्याच्या सकाळी माझं टेबल खिडकीला लावलं होतं. सुहासिनीबाईंनी फ्रेमला हळदकुंकू वाहिलं, आरीला वाहिलं, आणि मग मला. भर दिवसा मला पेटवून ठेवलं. माझ्याशेजारच्या खुर्चीत मुकुल बसला होता, खास मोहन्याहून आलेला. "पत्री पूल ओलांडून आलोय, काकू. चहा डबल पाहिजे," अशी त्याची मागणी होती आणि ती मान्य झाली होती.

आधी ढोल ऐकू आले. खिडकीच्या काचा थरथरल्या, माझा पत्राही थरथरला. मग लेझीम, मग नऊवारीतल्या बाया, आणि मग वळणावरून ती आली. उंच, सरळ, चांदीचा कलश उन्हात झळकतोय आणि त्याखाली केशरी रंगाचं रेशीम वाऱ्याने फुगलंय. गुढी आमच्या पहिल्या मजल्याच्याही वर होती. ती खिडकीसमोर आली तेव्हा काठाची डहाळी पार माझ्या समोरून गेली आणि मी ती पाहिली. माझी निंबोळी.

गुढीच्या पुढे योगिनी चालत होती. नथ, फेटा आणि मानेभोवती ओला नॅपकिन. तिच्या बाजूने आनंद सर मोठी काळी छत्री धरून चालले होते. ऊन तिच्यावर येऊ नये म्हणून ते स्वतः उन्हात होते. चौकापर्यंत ती चालणार आणि मग ठरल्याप्रमाणे रथात बसणार होती. बसली म्हणून हरली असं त्या घरात आता कुणी म्हणणार नव्हतं. खिडकीखाली आल्यावर सरांनी मान वर केली, सुहासिनीबाईंकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघितलंस ना? डाव्या हाताने काढलंय." उभ्या जन्मात कुणाचे टक्के सांगताना त्यांचा आवाज असा लागला नसेल. मुकुलने काठी उंच उगारली. योगिनीने वर पाहून डावा हात हलवला आणि मला तर वाटलं की तो माझ्यासाठीच हलवला.

त्याला आता बराच काळ झाला. योगिनीकडे शिकायला मुली येतात, सोनल, प्रियांका अशी नावं कानावर पडतात आणि माझ्यावर दिवसभर कागद सरकत असतात. तिचा आजार गेलेला नाही. ती दवाखान्यात जाते, फिल्म काढते, वाईट दिवस येतात तेव्हा झोपून राहते. पुढे काय होईल ते टिपणीस बाईही सांगत नाहीत, मी कोण सांगणार? पण फिल्म घरी आली की सर ती काचेवर धरत नाहीत. पाकिटासकट कपाटावर ठेवतात आणि विचारतात, "आज हात कसा आहे गं?"

मित्रांनो, तुमच्या घरात कधी कुणाची अशी फिल्म आली तर ती डॉक्टरांना जरूर दाखवा, औषध चुकवू नका. फिल्म खोटं बोलत नाही, हे मी माझ्या धोंडीबांची शपथ घेऊन सांगते. पण ती खाली ठेवली की त्या माणसाकडेही बघा. त्याचे हात काय करतायत ते बघा. आणि कधी माझ्याकडे आलात, नक्षी उतरवायला बसलात, तर आधी मला कोरड्या फडक्याने पुसा. धूळ तेवढी काढा. डाग राहू द्या.